अकरा महिन्यांची सिस्टर

आदिवासी भागातल्या आरोग्य उपकेंद्रांवर कंत्राटी नर्स नेमाव्यात की नकोत, हा वाद नाशिक जिल्ह्यात दर पावसाळ्याच्या तोंडावर नव्याने पेटतो. सुरगाण्यात किंवा पेठमध्ये एखाद्या बाळंतिणीला झोळीतून नेतानाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो, दोन दिवस हळहळ होते आणि मग तेच दोन पक्ष समोरासमोर येतात. एक म्हणतो, कायम नोकरीवाले तिकडे जात नाहीत आणि गेले तरी राहत नाहीत. कंत्राटी मुली निदान जातात, तेव्हा एजन्सीमार्फत जागा भरून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कंत्राट म्हणजे पिळवणूक. आधी सगळ्यांना कायम करा, बाकीचं नंतर. गेल्या महिन्यात शहरातल्या एका बैठकीत दोन तास मी हेच ऐकत होते. डॉक्टर होते, कर्मचारी संघटनेचे लोक होते, निवृत्त अधिकारी होते. एकाने तिजोरीची बाजू मांडली, दुसऱ्याने कर्मचाऱ्याची. पाड्यावरच्या बाईला सिस्टरकडून नेमकं काय हवं असतं, हा प्रश्न दोन तासांत एकदाही निघाला नाही. मला वाटतं, तो आधी विचारला की या वादाची मांडणीच बदलते.

माझं मत आधीच सांगून टाकते. उपकेंद्रावरचं काम कायमचं आहे, म्हणून तिथली नेमणूकही कायमचीच हवी. पण कायम म्हणजे कर्मचाऱ्याला निवृत्तीपर्यंतची हमी, एवढाच अर्थ मला पुरेसा वाटत नाही. ती नेमणूक त्या जागेशी, त्या आठ-दहा पाड्यांशी बांधलेली असली पाहिजे. कंत्राटी पद्धतीत पगार कमी असतो, तो अन्याय आहेच. पण तिने होणारं सगळ्यात मोठं नुकसान पगाराचं नाही. सिस्टर आणि पाडा यांच्यात जी ओळख वर्षानुवर्षांनी तयार होते, ती ओळख कंत्राट दर अकरा महिन्यांनी धोक्यात आणतं. आणि आदिवासी भागात ती ओळख हेच नर्सचं सगळ्यात मोठं औषध आहे.

बचत गटांच्या कामासाठी सुरगाणा तालुक्यात माझं जाणं-येणं असतं. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका उपकेंद्रावर पावसात अडकले. लसीकरणाचा दिवस होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेला लसींचा निळा डबा टेबलावर, बाहेर ओट्यावर घोंगडी आणि प्लास्टिकची खोळ घेतलेल्या सात-आठ बाया, मांडीवर पोरं. सिस्टर कंत्राटी होती, वय फार तर सत्तावीस. ती सरकारी रजिस्टर भरायची आणि मग पिशवीतून दोनशे पानी वही काढून त्यातही काहीतरी लिहायची. मी विचारलं, हे दुसरं कशाला? म्हणाली, "ताई, रजिस्टर हापिसाचं. वही माझी." तिने वाचायला दिली. एका पानावर होतं : ओढ्यापलीकडे तिसरं घर. सुनेशी बोलण्याआधी सासूशी बोलायचं. गोळ्या खाते म्हणते, खात नाही, मळमळतं. रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितलं. दुसऱ्या पानावर : दिवाळीनंतर नवरा-बायको दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर, मुकादमाचा नंबर खाली. आणखी एका पानावर : या घरात आधी भगताला बोलावतात. भगत ऐकणारा आहे, त्याच्यासमोरच सांगायचं. आणि एका नावाखाली लाल पेनाने दोन रेघा ओढून लिहिलं होतं : पहिलं बाळंतपण घरी झालं, रक्त फार गेलं होतं, कार्डावर नाही.

हे शेवटचं वाक्य मी विसरू शकलेले नाही. पहिल्या बाळंतपणात जिला अति रक्तस्राव झाला, तिला दुसऱ्या वेळी पुन्हा तोच धोका असतो. तिचं बाळंतपण रस्ता बंद पडायच्या आत मोठ्या दवाखान्यात व्हायला हवं. ही माहिती कुठल्याही पोर्टलवर नव्हती, कारण ते बाळंतपण घरी झालं होतं आणि विचारायला आलेल्या परक्या बाईला घरच्यांनी "सगळं नीट झालं" एवढंच सांगितलं होतं. या सिस्टरला ती माहिती मिळाली चौथ्या-पाचव्या भेटीत, नागली निवडत बसलेल्या आजीकडून. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा त्या सिस्टरच्या आदेशाची मुदत संपून नवा आदेश यायचा होता, मधल्या काळात नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली आणि ती गेली. तिला दोष देणं मला शक्य नाही. पाच आठवड्यांनी नवी सिस्टर आली, तीही कष्टाळू. पण तिच्यासमोरच्या रजिस्टरमध्ये त्या बाईच्या नावापुढे फक्त "दुसरी खेप" एवढंच होतं. वही पहिलीबरोबर गेली होती. ती तिचीच होती. आशाताईला, म्हणजे पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीला, ती गोष्ट आठवत होती म्हणून त्या बाईला वेळेत कळवणला हलवलं, मायलेकरं सुखरूप आहेत. आशाताई त्या आठवड्यात माहेरी गेली असती तर?

या प्रश्नाभोवती अख्खा विषय फिरतो, म्हणून हिशेब मांडून बघू. बाईची नोंद बाराव्या आठवड्यात झाली असं धरू, म्हणजे सगळं वेळेवर. तिथून बाळंतपणापर्यंत सहा-साडेसहा महिने. बाळाच्या पेंटा (पाच आजारांवरच्या एकत्रित) लसीच्या तीन मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे एका आईचं आणि एका लेकराचं एक साधं, काहीही गुंतागुंत नसलेलं चक्र पुरं व्हायला किमान बावीस-तेवीस महिने लागतात. आपण नर्स नेमतो अकरा महिन्यांसाठी. तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी नोंदवलेल्या गरोदर बाईच्या बाळाला गोवराची पहिली लस टोचेपर्यंतसुद्धा तिच्या हातात आदेश असेल की नाही, हे तिला माहीत नसतं. कुपोषणाचं, क्षयरोगाच्या औषधांचं, सिकलसेलच्या पाठपुराव्याचंही तेच. सिकलसेल तर आयुष्यभराचा आजार. असं काम अकरा महिन्यांच्या तुकड्यांत कसं वाटून देता येईल?

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते खोटं नाही : "अहो, करार वाढतोच. पंधरा-पंधरा वर्षं त्याच केंद्रावर काम करणाऱ्या कंत्राटी सिस्टर आहेत." आहेत, मी त्यांना ओळखते आणि त्यांच्यापुढे हात जोडते. पण पंधरा वर्षं एकच काम एकाच जागी चालू असेल तर त्याला तात्पुरतं कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय राहिलेल्या दिसतात, गेलेल्या दिसत नाहीत. जिच्याकडे दुसरा पर्याय असतो ती आदेशाची वाट बघत बसत नाही. म्हणजे ही पद्धत अनुभवी, हुशार, परीक्षा उत्तीर्ण होऊ शकणाऱ्या मुलींनाच आधी बाहेर ढकलते. कंत्राटावर असताना शिकायचं सुरगाण्यात आणि ते शिकलेलं वापरायचं शहरात, असा हा उलटा प्रवाह आहे.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. कायम कर्मचारी तिकडे टिकत नाहीत. हे खरं आहे. नियुक्ती झाली की वर्षभरात बदलीची खटपट सुरू होते. कुणी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मिळवतं आणि राहतं मात्र तालुक्याला किंवा थेट नाशिकला. गावकरी हे बघतात आणि संतापतात, तो संताप रास्त आहे. रात्री अकराला कळा सुरू झालेल्या बाईला सकाळी दहाला येणाऱ्या सिस्टरचा काय उपयोग? पण हा मुद्दा मांडणारे इथेच थांबतात, त्या पुढे मी एक प्रश्न विचारते. कायम नर्स जिथे राहत नाही, तिथे कंत्राटी नर्स का राहते? तिला तिथलं क्वार्टर जास्त आवडतं म्हणून नाही. पावसाळ्यात तेच छत तिच्याही डोक्यावर गळतं, तोच नळ तिलाही कोरडा असतो, रात्री दाराची तीच कडी तिलाही पुरत नाही. ती राहते कारण न राहिल्यास आदेश वाढणार नाही ही भीती तिच्या मानेवर आहे. म्हणजे सरकारने छत दुरुस्त केलं नाही, पाणी आणलं नाही, एकट्या बाईच्या सुरक्षिततेची सोय केली नाही आणि त्या सगळ्याची भरपाई एका मुलीच्या असुरक्षिततेतून वसूल केली. भीतीने राहिलेलं माणूस संधी मिळताच जातं. ज्या सरकारला कायम नर्सला तिथे ठेवता आलं नाही, त्या सरकारचा मूळ दोष कंत्राटाने झाकला जातो आणि क्वार्टर तसंच गळत राहतं.

दुसरा मुद्दा घाईचा. भरतीची जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रं, न्यायालय यात वर्षं जातात. गरोदर बाई तेवढं थांबू शकत नाही, म्हणून आज जी मिळेल तिला नेमा. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा याच घाईतून कंत्राटी एएनएम (उपकेंद्रावरच्या सहायक परिचारिका) आल्या आणि त्यांनी खूप मोठं काम केलं. डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. पण ती तीन हजार माणसं नाल्या-टेकड्यांपलीकडे विखुरलेली असतात आणि तिथे दुसरी, कंत्राटी सिस्टर आली म्हणूनच कित्येक पाड्यांवर पहिल्यांदा नियमित भेटी सुरू झाल्या. कोरोनात घरोघर फिरणाऱ्यांतही त्या होत्या. कंत्राटी नर्स नसत्या तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको.

पण घाईत टाकलेला लाकडी साकव वीस वर्षं तसाच ठेवून त्यालाच पूल म्हणायचं का? महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. १९९५ मध्ये मेळघाटच्या बालमृत्यूंनंतर नवसंजीवन योजना आली, तिच्यात फिरती भरारी पथकं आणि मानसेवी (मानधनावरचे) डॉक्टर आले. आणीबाणीची सोय म्हणून उभं राहिलेलं ते पद अनेक डॉक्टरांच्या उमेदीची वर्षं गिळून बसलं. मानधन वाढवून घेण्यासाठीही त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. त्याआधीचं उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचं. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहून आज काम मिळेल का याची वाट बघणारा बदली कामगार हा गिरणगावातला ओळखीचा चेहरा होता. मूळ कल्पना सरळ होती : कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी एक जण. पण त्यातली माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहिली, आणि १९८२ च्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. तात्पुरतं पद एकदा स्वस्त पडलं की ते संपवण्याची निकड कुणालाच राहत नाही. कागदावर जागा भरलेली दिसते, त्यामुळे विधिमंडळात प्रश्न येत नाही. प्रश्न येत नाही म्हणून भरती होत नाही. माझा आक्षेप कंत्राट या शब्दाला नाही. ज्या कंत्राटाच्या आदेशावर "या जागेची कायम भरती अमुक तारखेपर्यंत" असं लिहिलेलं नसतं, त्या कंत्राटाला आहे.

न्यायालयाचं बोट धरून जे बोलतात त्यांच्याविषयीही थोडं. २००६ च्या उमादेवी खटल्याचा निकाल नेहमी पुढे केला जातो : मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येणार नाही. त्या निकालामागचं तत्त्व योग्यच आहे. जाहिरात न देता, ओळखीने भरलेल्यांना कायम केलं तर बाहेर अभ्यास करत बसलेल्या मुलीवर अन्याय होतो. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगार आणि माळ्याच्या प्रकरणात सांगितलं, की कायमस्वरूपी गरजेचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या माणसांकडून करून घ्यायचं आणि मग उमादेवीची ढाल पुढे करायची, हे चालणार नाही. २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात समान कामाला समान वेतनाचं तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचं याच न्यायालयाने म्हटलं होतं. आपल्या राज्य सरकारनेही १४ मार्च २०२४ रोजी आरोग्य अभियानातल्या दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा, निर्णय काढला. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच कर्मचाऱ्यांना राज्यभर संपावर जावं लागलं. त्या संपाच्या आठवड्यांत, ऐन पावसात, कोणत्या पाड्यावर कोण गेलं असेल? निर्णय काढूनही तो न राबवण्याची किंमत शेवटी कोण मोजतं, हे यातून समजतं.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो. स्थानिक मुलीच का नेमत नाही, हा साधा प्रश्न आदिवासी तालुक्यांत प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर कागदावर २०१४ पासून आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेने पेसा क्षेत्रातली (आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू आहे तिथली) तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, नर्स अशी पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी भरायचं ठरलं. अशी उमेदवार म्हणजे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल घरातली मुलगी. तिला सासूशी कुठल्या शब्दांत बोलायचं हे शिकवावं लागत नाही, पावसाची भीती नाही आणि रविवारी पळून जायला तिचं दुसरं गाव नाही. पण प्रकरण न्यायालयात अडकलं. आंध्र प्रदेशातल्या शिक्षकांच्या शंभर टक्के आरक्षणाविरुद्ध २०२० मध्ये घटनापीठाचा निकाल गेला, त्याची सावली इथेही पडली. निवड होऊनही हातात आदेश नसलेल्या मुला-मुलींनी २०२४ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर उपोषण केलं. ४ ऑक्टोबर २०२४ ला तर दिंडोरीचे आमदार आणि विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्यामागच्या मागण्यांत पेसा भरतीही होती. मग सरकारने तोडगा काढला : न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत मानधनावर नेमणुका. म्हणजे ज्या मुलींना त्याच मातीत राहायचं होतं, ज्यांना कुठे बदली नको होती, त्यांच्याही हातात शेवटी तात्पुरताच कागद आला. न्यायालयापुढे सरकारचे हात बांधलेले होते, हे मी समजू शकते. पण भरतीत आरक्षण अडलं तर प्रशिक्षणाचा मार्ग कोणी अडवला होता? एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, बारावीनंतरचा. २०१४ पासून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळांतून बारावी झालेल्या मुलींसाठी तालुक्यातच जागा वाढवल्या असत्या, तर आजवर किती तुकड्या बाहेर पडल्या असत्या याचा हिशेब शाळकरी पोरही करेल. कोकणी, डांगी किंवा वारली बोली येणं ही नर्ससाठी कामाची गरज आहे. शहरातल्या डॉक्टरला इंग्रजी येणं जसं आपण गृहीत धरतो, तशीच. पात्रतेत तिला गुण द्यायला काय हरकत आहे?

इथे एक जाणकार मित्र मला अडवतो. तो म्हणतो, जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून गावोगावच्या आरोग्याचं जे काम घडवलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी जे दाखवलं, ते कुठल्या कायम सरकारी नर्सच्या जोरावर? गावातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांच्या जोरावर. मग कायम नोकरीचा एवढा आग्रह कशाला? प्रश्न नेमका आहे आणि त्यातूनच मला माझं म्हणणं नीट समजलं. जामखेडलाही सुरुवातीला प्रशिक्षित नर्सना गावोगाव ठेवून पाहिलं गेलं. त्या गावात परक्याच राहिल्या, जमलं नाही, आणि मग गावातल्याच बायका तयार करण्याकडे काम वळलं. गडचिरोलीच्या एकोणचाळीस गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक खाली आला. तो अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि आज देशभरातल्या आशाताई जी घरभेट देतात ती त्यातूनच घडली. या बायका सरकारी नोकर नव्हत्या, खरं आहे. पण त्या गावच्या कायम रहिवासी होत्या. त्यांची बदली होऊ शकत नव्हती, मार्चअखेर त्यांचा आदेश संपत नव्हता. कोणत्या बाईचं पहिलं बाळंतपण कसं गेलं हे त्यांना वहीत लिहावं लागत नव्हतं. दोन्ही ठिकाणी यश दिलं ते स्थैर्याने. नर्स बाहेरून आलेली असते, इंजेक्शन, सलाइन, बाळंतपण ही कामं तिच्याशिवाय होत नाहीत. तिच्याकडे गावाचं रक्ताचं नातं नाही, म्हणून तिचं स्थैर्य सेवेच्या अटींतूनच यावं लागतं. जामखेडचा दाखला कंत्राटाच्या बाजूने देणारे त्या कामाचं मर्म बाजूला ठेवतात.

मग करायचं काय? एक नमुना आपल्याच राज्यात आहे आणि त्याच्या सगळ्या उणिवांसकट तो मला विचार करण्याजोगा वाटतो. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं अगदी तुटपुंज्या मानधनावर काम, प्राथमिकला सुरुवातीला महिना तीन हजार रुपये, आणि काम समाधानकारक असेल तर वेतनश्रेणी. मानधन लाजिरवाणं होतं, ते वाढायला फार वर्षं लागली. पण त्या तरुणांच्या डोळ्यांसमोर एक तारीख होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीन वर्षं काढणाऱ्या पोराला चौथ्या वर्षी आपण कोण असू हे माहीत होतं, म्हणून त्याने गावात खोली घेतली, लग्न केलं, मुलांची नावं पाठ केली. नर्ससाठी मानधन पुरेसं ठेवून अशीच वाट का नसावी? जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन नेमायचं. दोन वर्षं त्याच उपकेंद्रावर. मग वेतनश्रेणी, पण पुढची पाच-सात वर्षं बदली नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी देण्याचा निर्णय २००२ चाच आहे; ती या सिस्टरला पहिल्या दिवसापासून मिळावी. सात वर्षं काढलेल्या बाईला पुढची बदली तिच्या पसंतीची, आणि मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला घर. छत्तीसगडने २००९-१० च्या सुमारास केंद्रं किती दुर्गम आहेत त्यानुसार वर्ग पाडून वेगळे भत्ते देणं सुरू केलं होतं. सुरगाण्याच्या सीमेवरचा पाडा आणि निफाडचं बागायती गाव एकाच तराजूत तोलणं आपण कधी थांबवणार?

हे ऐकून संघटनेतले मित्र नाराज होतात, म्हणून त्यांनाही मोकळेपणाने सांगते. सरसकट समायोजन करा आणि नंतर नेहमीच्या बदल्यांचे नियम लावा, असं झालं तर दोन वर्षांत अर्धी आदिवासी उपकेंद्रं पुन्हा मोकळी होतील आणि पुन्हा कंत्राटाची जाहिरात येईल. नव्या मुली पुन्हा अकरा महिन्यांच्या. तुमच्या मागणीचा विजय तुमच्याच धाकट्या बहिणींच्या वाट्याला पुन्हा तोच अन्याय आणेल. कायम होण्याबरोबर जागेला बांधून घेण्याची तयारी दाखवली, तर पाड्यावरची ग्रामसभा तुमच्या मोर्च्यात उभी राहील. आज ती उभी राहत नाही, कारण "सिस्टर कायम झाली की गेली" हा तिचा अनुभव आहे. २०१८ च्या शेतकरी मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या माणसांमध्ये याच तालुक्यांतले हजारो जण होते. ही माणसं ज्या प्रश्नाला आपला म्हणतात, त्यासाठी पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालतात.

एजन्सीचा पर्याय मला क्षणभरही पटत नाही. सरकार आणि नर्स यांच्यात तिसरा माणूस आला की तिचा मालक कोण, पगार कुणाच्या खात्यातून, भविष्यनिर्वाह निधी कापला तर तो गेला कुठे, आणि रात्री पाड्यावर जाताना काही झालं तर जबाबदारी कुणाची, यापैकी कशाचंच उत्तर तिला मिळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत सरकारी पदं भरण्याचा निर्णय निघाला आणि महिना-दीड महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, लोकांच्या रोषामुळे तो मागे घ्यावा लागला. तरीही २०२५ मध्ये आश्रमशाळांतली पदं बाह्यस्रोतातून भरण्याचा घाट घातला गेला आणि रोजंदारी कर्मचारी पोराबाळांसह नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर कित्येक महिने बिऱ्हाड मांडून बसले. शाळेत जे चालणार नाही असं त्या माणसांनी पावसात भिजून सांगितलं, ते दवाखान्यात कसं चालेल? आणि पैसे नाहीत हे उत्तर निदान या जिल्ह्यात कुणी देऊ नये. सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे होतात, रस्ते होतात, व्हायलाही हवेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातच कुशावर्त तीर्थापासून थोड्या अंतरावर असे पाडे आहेत जिथे सिस्टरच्या क्वार्टरला नीट छत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली, तेव्हा नाशिकमध्ये अनेकांना ती अस्मितेवरचा घाव वाटली. मला त्यात दवाखाना दिसला. ज्या घरातल्या बाईला धरमपूर किंवा डांगच्या बाजूला न्यावं लागतं, त्या घराला राज्याची सीमा कुठे लागते याच्याशी काय देणं-घेणं?

पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकेल अशी एकच गोष्ट मागते. जिल्हा परिषद दरमहा रिक्त पदं मोजते. बदललेली माणसं कोणी मोजत नाही. पेसा तालुक्यांतल्या प्रत्येक उपकेंद्राची यादी करा आणि नावापुढे लिहा : गेल्या पाच वर्षांत इथे किती सिस्टर आल्या, प्रत्येकीने किती महिने काढले, दोघींच्या मध्ये जागा किती दिवस मोकळी होती, आणि जाणारीने येणारीला समोर बसवून पाडे समजावून दिले की नाही. ही माहिती हजेरीपटात आणि आदेशांच्या फायलीत पडलेली आहे, नवा खर्च नाही. १ मेच्या ग्रामसभेत ती यादी त्या त्या गावात मोठ्याने वाचा. जिथे पाच वर्षांत चार नावं निघतील, तिथली भरती आधी करा.